रोजकीर्द आणि खतावणी

(भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी ही प्रथा उचलली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार चांगल्या गोष्टी कानांवर पडण्याची सोय झाली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे हेच योग्य. चालकांनी आमच्यासारख्या माणसास येथे उभे केले, त्या अर्थी त्यांना आज विद्वत्तेपेक्षा अनुभव हवा असावा, असे आम्ही धरून चालतो. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मागांच्या खडखडाटात, कामगारांच्या बिशीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा बोलण्यात काही ओबडधोबड आले, तर तो विणणाराचा दोष समजावा, सुताचा समजू नये.

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. कामगार संघटनेचे संकेतस्थळ बांधताना कोणता मजकूर 'पोस्ट' म्हणून घालावा आणि कोणता 'पेज' म्हणून, असा हा विषय आहे. पोस्ट म्हटले की आमच्या पिढीला टपाल आठवते, आणि पेज म्हटले की ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तांदळाची पेज आठवते! म्हणून आम्ही सोयीसाठी पोस्टला 'नोंद' म्हणू आणि पेजला 'पान' म्हणू.

हे काम संगणक शिकलेल्या पोरांचे, त्यात कामगार कार्यकर्त्याने काय सांगायचे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. संकेतस्थळ बांधणारा मुलगा पुढाऱ्यास विचारतो, "काका, हे नोंदीत टाकू की पानावर?" पुढारी घाईत असतो. तो म्हणतो, "टाक रे कोठेही, दिसले म्हणजे झाले." त्या एका वाक्याने कोणा कामगाराचा कष्टाचा पैसा बुडू शकतो. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. ते खरे कसे, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या युरोपातील प्रयोगशाळेत उभे केले. ती सारी पानेच होती. एक विषय, त्याचे एक पान, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी दुवे. पुढे लोक रोजनिशीप्रमाणे त्यावर लिहू लागले. ताजी नोंद सर्वांत वर आणि कालची तिच्याखाली, अशी तऱ्हा पडली. या रोजनिशीवाल्यांसाठी मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली वर्डप्रेस नावाची प्रणाली फुकट उपलब्ध करून दिली. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात, आणि हाताशी पैसा नसलेल्या संस्था बहुधा तिचाच आधार घेतात. या प्रणालीत आरंभी फक्त नोंदीच होत्या. पानांची सोय फेब्रुवारी २००५ मध्ये आली. म्हणजे नुसत्या नोंदींवर भागत नाही, हे त्या लोकांनाही दोन वर्षांच्या अनुभवाने कळले.

आता दोहोंतील भेद पाहू. नोंदीला तारीख असते. ती छापली की यादीच्या माथ्यावर बसते आणि नवी नोंद आली की एक पायरी खाली सरकते. तिला विषयवारीचे खाते लावता येते, महिन्यामहिन्याचा गठ्ठा आपोआप बांधला जातो, आणि ज्यांनी आपले लेखन मागवून ठेवले आहे त्यांना नवी नोंद आल्याची वर्दी जाते. पान हे या रांगेत उभे राहत नाही. ते बहुधा तारखेवाचून दिसते. त्याची जागा वरच्या फळीवर, म्हणजे ज्यास मेनू म्हणतात तेथे, ठरलेली असते. पानाच्या पोटात पान ठेवता येते, जसे 'पगार' या पानाखाली 'पगार थकला तर' हे पोटपान. परंतु पान बदलले तरी कोणास वर्दी जात नाही. ते मुकाट्याने बदलते.

गंमत अशी की, यंत्राच्या पोटात दोन्ही मजकूर एकाच तक्त्यात साठवलेले असतात. शेजारच्या रकान्यात 'हा अमुक प्रकार' इतकेच लिहिलेले असते. सूत एकच. माणसाने त्यास ताण्यात घातले की बाण्यात, एवढाच फरक. भिवंडीकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ताण्याचा बीम एकदा मागावर चढला की दिवसचे दिवस चालतो. धोट्यातली कांडी मात्र पाहता पाहता संपते आणि कामगार ती सारखी बदलत राहतो. ताणा कांडीसारखा बदलू लागलात तर माग उभा राहील, आणि कांडी न बदलता माग चालवू म्हणाल तर कापड होणार नाही.

परंतु मागापेक्षाही आम्हांस कारखान्यातील मेहताजींच्या गादीवरचा दाखला जवळचा वाटतो. मेहताजींपाशी दोन वह्या असतात. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. ज्या दिवशी जो व्यवहार झाला तो त्याच दिवशी, झाला त्या क्रमाने, रोजकीर्दीत लिहावयाचा. त्यात मागाहून खाडाखोड करावयाची नाही. चूक झाली असेल तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची नवी नोंद करावयाची. मग तेथून ती रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाची. "अमक्याचे आज किती निघते?" असे कोणी विचारले, तर मेहताजी वर्षभराची रोजकीर्द चाळत बसत नाहीत. ते खतावणीतले एक पान उघडतात. आणि खतावणीवर वाद निघाला, तर रोजकीर्द साक्षीला येते. नोंद म्हणजे रोजकीर्द आणि पान म्हणजे खतावणी. आमचे अर्धे व्याख्यान येथेच संपले!

सरकारही हेच करीत आले आहे. इंग्रजी अमदानीपासून एक गॅझेट निघते, ज्यास आपण राजपत्र म्हणतो. ते तारीखवार असते आणि अमुक दिवशी अमुक अधिसूचना निघाली याचा तो पुरावा असतो. दुसरे गॅझेटिअर. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात भिवंडीची माहिती गावाच्या नावाखाली सापडते, तारखेखाली नव्हे. नावे जवळजवळ सारखी, काम मात्र निरनिराळे. भिवंडीत काय आहे हे जाणण्यासाठी कोणी राजपत्रांचे गठ्ठे सोडीत नाही, आणि किमान वेतनाचा दर कोणत्या दिवशी लागू झाला हे सिद्ध करण्यासाठी कोणी गॅझेटिअर घेऊन न्यायालयात जात नाही.

मग नोंद कशाची करावी आणि पान कशाचे? आम्ही एकच कसोटी सुचवतो. आपणांस काय सांगावयाचे आहे ते बाजूला ठेवा, आणि येणारा माणूस कोणता प्रश्न घेऊन येतो ते पाहा. "काय झाले? नवे काय?" असे तो विचारीत असेल, तर नोंद. "नियम काय? कोठे जाऊ? काय करू?" असे विचारीत असेल, तर पान. पहिला प्रश्न विचारणारा माणूस आपल्या आठवणीत असतो, कारण तो आपला सभासद असतो आणि रोज भेटतो. दुसरा प्रश्न विचारणारा अनोळखी असतो. तो रात्री अकरा वाजता, पाळी सुटल्यावर, खोलीतल्या इतरांचा डोळा चुकवून मोबाईलवर शोधीत असतो. त्याने आपले नाव कधी ऐकलेले नसते. संघटनेची गरज खरी त्यालाच असते.

आता सुरुवातीस केलेल्या विधानाकडे येऊ. समजा, एका यंत्रमाग कामगाराचे दोन पंधरवड्यांचे पैसे मालकाकडे राहिले. त्याचे काम मीटरवर, घर उत्तर प्रदेशात, आणि घरी कोणी आजारी. तो तसाच गाडीत बसला. आठ महिन्यांनी परत आला, तेव्हा मालक म्हणाला, "आता कसले पैसे?" कामगार मोबाईलवर शोधतो. कोणा संस्थेच्या संकेतस्थळावर त्यास पाच-सहा वर्षांपूर्वीची एक नोंद सापडते. तीत लिहिलेले असते की, किमान वेतनाचा फरक मागावयाचा तर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, आणि थकलेल्या पगारासाठी बारा महिन्यांच्या आत. लिहिणाराने खोटे लिहिलेले नव्हते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात मुदत सहा महिन्यांचीच होती, आणि १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात बारा महिन्यांची होती. कामगार पहिली ओळ वाचतो, बोटांवर आठ महिने मोजतो आणि मोबाईल खिशात घालतो. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

परंतु २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील २०१९ च्या वेतन संहितेत असा दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. पंधरवड्याने पगार देण्याची पद्धत असेल, तर पंधरवडा संपल्यानंतर दुसरा दिवस संपण्यापूर्वी पगार हाती पडला पाहिजे. कामावरून काढले किंवा कामगाराने राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. हे सारे एका पानावर, 'पगार थकला तर' अशा साध्या मथळ्याखाली असते, तर तो कामगार दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला असता. जुनी नोंद खोटी नव्हती, फक्त ती ज्या दिवशी खरी होती तो दिवस निघून गेला होता. सांगा, मजकूर कोठे टाकावा हा प्रश्न आता पोरांचा राहिला काय?

त्या एका दिवसात केंद्राचे एकोणतीस कायदे चार संहितांत सामावले गेले. श्रमसंहितांविषयी आमची मते कडक आहेत. ती मे दिनाच्या सभेत सांगू. आज तो विषय नाही. आज एवढेच पाहा की, अशा दिवशी संकेतस्थळ चालवणाऱ्याने काय करावे. ज्या संघटनेने हक्कांची माहिती सात-आठ पानांवर नीट लावून ठेवली असेल, तिला सात-आठ पाने दुरुस्त करावी लागतील. ज्या संघटनेने तीच माहिती दहा वर्षांच्या शेकडो नोंदींत पसरून ठेवली असेल, ती काय करील? नोंदी दुरुस्त करील तर इतिहास खोटा होईल. तशाच ठेवील तर वाचणारा फसेल.

म्हणून आम्ही दोन नियम सांगतो. पहिला नियम, नोंद बदलू नये. मोर्चाला किती माणसे आली, वाटाघाटीत मालकांनी काय कबूल केले, आपण कोणती मागणी केली आणि कोणती सोडली, हे त्या दिवशी लिहिले तसेच राहावे. वर्षाने ते आपल्यालाच टोचू लागले, तरी राहावे. कामगाराने नेत्यास जाब विचारावयाचा तर त्याच्या हाती तेवढाच कागद असतो. फार तर नोंदीच्या माथ्यावर एक ओळ वाढवावी, 'ही माहिती जुनी झाली. आजचा नियम अमुक पानावर पाहावा', आणि त्या पानाचा दुवा द्यावा. दुसरा नियम, पान जुने होऊ देऊ नये. पानावर तारीख आपोआप दिसत नाही, म्हणून ती आपण हाताने लिहावी: 'शेवटची तपासणी, अमुक दिवस.' आणि पान बदलले की त्याच दिवशी एक छोटी नोंद करावी, 'अमुक पान बदलले, कारण अमुक.' रोजकीर्दीत न चढवता खतावणीत आकडा बदलणाऱ्या मेहत्यास आपण काय म्हणतो, ते येथे सांगण्याची गरज नाही!

तारखेचे मोल काय असते, ते भिवंडीने २०२० साली पाहिले. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, माग थांबले, बिशा बंद पडल्या. मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसे पोरेबाळे घेऊन पायी निघाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. त्या दिवसांत मोबाईलवर संदेशांचा पूर लोटला होता. 'उद्या सकाळी गाडी आहे.' 'अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा.' 'डॉक्टरचा दाखला लागेल.' 'दाखला लागणार नाही.' उद्या म्हणजे कोणता उद्या? कोणते ठाणे? कोणी सांगितले? एका हातातून दुसऱ्या हातात जाताना संदेशाची तारीख गळून पडते आणि पत्ताही गळून पडतो. तारीख नाही म्हणून ती नोंद नव्हे, आणि ठरलेली जागा नाही म्हणून ते पानही नव्हे. उपाशी माणसास नोंद आणि पान या दोन्ही गोष्टी लागतात. आजचा निर्णय तारखेसह हवा, आणि कोठे जावे याचा ठाम पत्ता हवा. यातून एक साधी शिस्त निघते. नोंदीत 'उद्या', 'परवा', 'येत्या रविवारी' असे लिहू नये, दिनांक लिहावा. पानावर 'नुकतेच', 'यंदा', 'अलीकडे' असे शब्द वापरू नयेत. ते वर्षाने खोटे होतात.

दुसरे उदाहरण याच गावचे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. ती बातमी नोंदीतच यावयाची. मृतांची संख्या, मदतकार्य, चौकशीची मागणी, हे सारे त्या त्या तारखेखाली राहावयाचे. परंतु दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. आपल्या इमारतीचे नाव त्या यादीत आहे की नाही हे कोठे पाहावे, भिंतीस तडा दिसला तर कोणाकडे लेखी तक्रार द्यावी, घर रिकामे करताना भाडेकरूने राहत्या जागेचा पुरावा म्हणून कोणते कागद जवळ ठेवावेत, हे पान असावयास हवे. नोंद डोळ्यांत पाणी आणते, आणि तिने तसे आणावेही. पुढच्या इमारतीतली माणसे वेळेवर बाहेर पडतात ती पानामुळे.

काही गोष्टी मात्र सीमेवर उभ्या असतात. संघटनेचा वार्षिक हिशेब घ्या. दर वर्षाचा ताळेबंद त्या वर्षाची नोंद आहे, तो बदलता येत नाही. पण "हिशेब कोठे पाहू?" हा सभासदाचा कायमचा प्रश्न आहे. मग काय करावे? 'हिशेब' नावाचे एक पान करावे आणि त्यावर वर्षवार नोंदींचे दुवे लावावेत. पान म्हणजे दार आणि नोंदी म्हणजे आतले दप्तर, असे समजा. न्यायालयाच्या निकालाचेही तसेच. निकाल लागला ही नोंद. त्या निकालाने कामगाराने काय करावयाचे, ते पानावर चढवावे. संप चालू असतो तेव्हा रोजची हालहवाल नोंदीत जाते, पण संप कशासाठी आहे, मागण्या कोणत्या, मदत कोठे द्यावी, याचे एक पान पहिल्याच दिवशी उघडावे. नाहीतर दहाव्या दिवशी आलेल्या पत्रकारास नऊ दिवसांच्या नोंदी उलट्या क्रमाने वाचाव्या लागतात, आणि तो ते करीत नाही. तो मालकाला दूरध्वनी करतो!

वर्डप्रेसमध्ये आणखी एक सोय आहे. एखादी नोंद टाचणी लावल्याप्रमाणे माथ्यावर अडकवून ठेवता येते. सभेचा दिवस जवळ आला की ती उपयोगी पडते. पण पान लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून लोक नोंदींनाच टाचण्या लावू लागतात. एक टाचणी, दोन टाचण्या, सहा टाचण्या. मग संघटनेच्या कचेरीतला फळा आठवतो, ज्यावर गेल्या दिवाळीपासूनची सगळी पत्रके एकावर एक लावलेली असतात आणि आजचे कोणते ते चिकटवणारासही सांगता येत नाही. तसेच मुखपृष्ठाचे. ही प्रणाली मुळात नोंदींची असल्यामुळे, आपण काही केले नाही तर मुखपृष्ठावर ताज्या नोंदींची रांग लागते. परंतु एक ठरावीक पान मुखपृष्ठ म्हणून नेमता येते, आणि नोंदींना 'बातम्या' म्हणून वेगळी जागा देता येते. कामगार संघटनेने हेच करावे. दार उघडताच अनोळखी माणसास सत्काराचे छायाचित्र दिसू नये. त्यास दिसावे: 'पगार थकला?', 'अपघात झाला?', 'आजचा दर', 'कचेरी कोठे, वेळ कोणती', 'सभासद कसे व्हावे.' आणि पानाचा पत्ता एकदा ठरला की बदलू नये. पत्ते बदलू नयेत म्हणून खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लोकांना कळकळीने बजावले होते. कोणीतरी तो पत्ता कागदावर लिहून भावाला गावी पाठवलेला असतो.

भाषेचाही प्रश्न येथेच सुटतो. भिवंडीच्या मागांवर उर्दू, हिंदी, तेलुगू आणि मराठी बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी असतात. रोजची प्रत्येक नोंद चार भाषांत करणे कोणत्याही संघटनेच्या कुवतीबाहेरचे आहे. परंतु सात-आठ पाने चार भाषांत करणे हे महिन्याभराचे काम आहे. पाने आणि नोंदी वेगळ्या केल्या नाहीत, तर कोणते भाषांतर आधी करावे हेच कळत नाही, आणि मग कोणतेच होत नाही.

आपण म्हणाल, इतके सोपे आहे तर लोक का करीत नाहीत? याचे उत्तर यंत्रात नाही, ते आपल्या स्वभावात आहे. नोंद लिहिण्यात मान आहे. तीत नाव येते, छायाचित्र येते, संध्याकाळपर्यंत पन्नास माणसे वाचतात. पान लिहिणाराचे नाव कोठे येत नाही. ते लिहिले की संपतही नाही, दर सहा महिन्यांनी तपासावे लागते. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता सहा-सहा महिन्यांनी जाहीर होण्याची पद्धत चालत आली आहे. प्रत्येक वेळी 'आजचा दर' हे पान कोणीतरी उघडून आकडा बदलला पाहिजे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा पाहा. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सरकारी कचेरीने आपण होऊन सतरा प्रकारची माहिती प्रसिद्ध करावी, असे लिहिले आहे, आणि लगेच पुढे ती दरवर्षी अद्ययावत करावी, असेही लिहिले आहे. कायदा करणारांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता! सरकारी कचेऱ्यांनी जुनी माहिती लावून ठेवली म्हणून आपण मोर्चे नेतो, तेव्हा आपल्या पानावरची तारीख कोणती, हे आधी पाहून निघावे. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक पानाला एक धनी असावा. कार्यकारिणीच्या सभेत जसा खजिनदाराचा अहवाल वाचला जातो, तसे तिमाहीला एकदा 'पाने तपासली काय?' असे विचारले जावे. आणि ज्या पानाला धनी मिळत नसेल, ते पान ठेवूच नये. माहिती नसलेल्या माणसाला चार ठिकाणी विचारण्याची बुद्धी होते. चुकीची माहिती मिळालेला माणूस मात्र स्वस्थ बसतो.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या चळवळीचे आद्य पुरुष. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे साप्ताहिक चालवले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी अशी मागणी होती. सभा झाल्या, अर्ज गेले, सह्या झाल्या, साप्ताहिकात मजकूर आला. त्या साऱ्या तारीखवार नोंदी होत्या. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दिवसापासून ती गोष्ट नोंदीतून उठली आणि पानावर गेली. कोणत्या सभेत कोण काय बोलले, हे आज अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाही, पण आठवड्याची सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, हे ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही.

आमच्या मते चळवळ म्हणजे हेच काम. रोजकीर्दीत लढाई लिहावयाची आणि तिच्यातून जे मिळाले ते खतावणीत कामगाराच्या खात्यावर जमा करावयाचे. ज्या संघटनेपाशी नुसती पाने आहेत, ती कचेरी झाली. तिच्यात प्राण नाही. ज्या संघटनेपाशी नुसत्या नोंदी आहेत, तिने लढाया पुष्कळ केल्या असतील, पण कामगाराच्या खात्यावर काय जमा झाले ते तिला दाखवता येत नाही. आणि पानावर लिहिले म्हणून हक्क मागावर उतरला, असेही नव्हे. आजही याच गावात बारा-बारा तासांची पाळी आहे आणि पगारी सुट्टी हा शब्द कित्येक मागांवर पोहोचलेला नाही. पण निदान तो हक्क कोठे लिहिलेला आहे आणि कोणत्या दाराशी मागावयाचा आहे, एवढे तरी रात्री अकरा वाजता शोधणाऱ्या त्या माणसाला पहिल्या बोटाला सापडले पाहिजे. तेवढे करणे आपल्या हाती आहे. त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. पान कोणते आणि नोंद कोणती, हे ठरवण्यास एक संध्याकाळ पुरते, आणि ते ठरलेले पाळावयाचे म्हणजे मात्र रोजचे काम.